महोत्सवानंतरचे दिवस

देगलूरच्या माणसाला दीपस्तंभ पाहायचा, तर घाट उतरून समुद्र गाठावा लागतो. देगलूरजवळच्या लेंडी आणि मांजरा या काही गलबतांच्या नद्या नव्हेत. तरीही गोव्यात मांडवीच्या मुखावर उभा असलेला आग्वादचा जुना दीपस्तंभ देगलूरकरांना जवळचा वाटावा. तिथे दीपस्तंभांच्या नावाने महोत्सव भरला, आणि देगलूर तालुक्यातल्या होट्टलच्या चालुक्यकालीन मंदिरांच्या नावानेही भरतो.

आग्वादचा किल्ला पोर्तुगिजांनी १६१२ मध्ये पुरा केला. त्याच्या नावातच पाणी आहे. लांब पल्ल्याची जहाजे इथे थांबून गोडे पाणी भरून घेत. त्यासाठी खोदलेले प्रचंड टाके आजही किल्ल्यात पाहायला मिळते. दीपस्तंभ मात्र १८६४ चा. गोल, पांढरा, चार मजल्यांचा. अंधारात मांडवीत शिरणाऱ्या तांडेलाला नदीचे तोंड कुठे आणि खडक कुठे, हे त्या उजेडावरून कळे. १९७६ मध्ये जवळच नवा दीपस्तंभ सुरू झाला आणि ११२ वर्षे जळलेला जुना दिवा मालवला.

पुढे अशा जुन्या दीपस्तंभांविषयी सरकारला जाग आली, ती चांगलीच. १९२७ चा दीपस्तंभ कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा कायदा आला. वारसा दीपस्तंभ घोषित करून ते शिक्षण, संस्कृती आणि पर्यटनासाठी विकसित करण्याची तरतूद त्यात आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये देशातला पहिला दीपस्तंभ महोत्सव आग्वादलाच झाला. २१ सप्टेंबर हा दीपस्तंभ दिन. त्यानंतर लवकरच तीन दिवस हा महोत्सव चालला.

हे व्हायलाच हवे होते. पण खारा वारा महोत्सवाच्या तारखा पाहून येत नाही. शास्त्री नदीच्या मुखावर जयगडचा १९३२ चा लोखंडी दीपस्तंभ आहे. तिथे गंजाशी झुंज वर्षभराची. नुसता रंग फासून भागत नाही. भिंग, फिरते यंत्र, राखणदारांच्या नोंदवह्या आणि तो दिवा हाताने पेटवलेल्या माणसांच्या आठवणी, हे सगळे जपले तरच दीपस्तंभ जपला. नाहीतर उरतो तो फोटो काढायचा मनोरा.

होट्टलचे दुखणे याहून वेगळे नाही. सिद्धेश्वर मंदिराच्या बाह्य भिंतींवरच्या सुरसुंदरी पाहायला महोत्सवात लोक लोटतात, गाणे-नाचणे होते, आणि ते आनंदाचेच आहे. मात्र महोत्सवाच्या मंडपावर होणाऱ्या खर्चातला ठरावीक वाटा दरवर्षी देखभालीसाठी बाजूला काढला पाहिजे. प्रत्येक शिल्पाची आणि शिलालेखाची छायाचित्रांसह यादी ग्रामपंचायतीत टांगली पाहिजे. गावातल्याच दोन-चार तरुणांना पगारी राखणदार नेमून पावसाळ्याआधी आणि नंतर दगडांची पाहणी करायला शिकवले पाहिजे. पुढच्या महोत्सवाचे निमंत्रण छापण्याआधी एवढे सुरू करता येईल.