पायाखालची खाण: मोजणी लोकांसमोर हवी

ऑगस्ट 2022 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहते घर बघता बघता जमिनीत गडप झाले. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. आजूबाजूच्या कुटुंबांनाही घरे सोडावी लागली. पायाखाली धोका आहे, हे घर गेल्यावरच का कळावे?

जमीन का खचते?
कोळसा काढताना छत पेलण्यासाठी कोळशाचेच खांब मागे ठेवतात. ते काढले किंवा काळाच्या ओघात झिजले, की छत कोसळते. खाण खोल असेल तर वरची जमीन बशीसारखी हळूहळू बसते. उथळ असेल तर अचानक खड्डा पडतो. खाण बंद होऊन कित्येक दशके लोटली तरी हे घडू शकते.

मोजतात कसे?
जमिनीत खुंट्या रोवून त्यांची पातळी ठरावीक काळाने तपासणे ही जुनी पद्धत. आता रडार उपग्रह दोन फेऱ्यांतील फरकावरून काही मिलिमीटरची हालचालही टिपू शकतात. युरोपच्या ‘सेंटिनेल-1’ची माहिती मोफत मिळते. जुलै 2025 मध्ये झेपावलेला इस्रो-नासाचा ‘निसार’ दर 12 दिवसांनी त्याच जागेवरून जातो. त्याच्या लांब लहरी झाडोऱ्यातूनही जमिनीपर्यंत पोहोचतात.

उपग्रह पुरेसा आहे?
नाही. अचानक पडणाऱ्या खड्ड्याआधी वरची जमीन फारशी हलतेच असे नाही. तिथे जुन्या खाणींचे नकाशे आणि बोअर मारून केलेली पोकळीची तपासणीच कामी येते.

मग करायचे काय?
ब्रिटनमध्ये जुन्या कोळसा खाणींचा नकाशा इंटरनेटवर कोणालाही पाहता येतो. घर घेण्याआधी त्या जागेचा खाण अहवालही मागवता येतो. आपल्या कोळसा पट्ट्यातही असा नकाशा नगर परिषदेत आणि ग्रामपंचायतीत लावला पाहिजे. बांधकाम परवानगी तो पाहूनच द्यावी आणि खाण बंद झाल्यावरही मोजणी सुरू ठेवावी.

याने घबराट पसरेल, जागांचे भाव पडतील, असे म्हटले जाईल. पडतीलही. पण भाव टिकवण्यासाठी धोका लपवला, तर त्याची किंमत तिथे राहणारे कुटुंब मोजते. खाणीच्या दप्तरात पडून राहिलेला आकडा कोणाचेही घर वाचवत नाही.