जुना संगणक भंगारात काढण्याआधी

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, शाळेतला २ जीबी रॅमचा संगणक रखडतो म्हणून लगेच भंगारात काढू नका. अँटीएक्स हे लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून बघा. इन्स्टॉल केल्याशिवाय आतलं काही पुसलं जात नाही. त्यात आइसडब्ल्यूएम हा १९९७ पासूनचा छोटा विंडो मॅनेजर असतो. खिडक्या मांडणे, हलवणे, बंद करणे हेच त्याचं मुख्य काम, म्हणून मेमरी कमी लागते. खाली टास्कबार, कोपऱ्यात मेनू. मुलं गोंधळत नाहीत. ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले तर संगणक पुन्हा अडकेलच, हे खरं. पण टायपिंग, चित्रं, तक्ते शिकायला तो पुरतो. चार मुलांनी एकाच पडद्याकडे बघत बसण्यापेक्षा प्रत्येकाच्या हाती माउस आलेला बरा, नाही का?