बारावा गडी उभाच!



कबड्डीत सात गडी मैदानात उतरतात, खो-खोत नऊ, क्रिकेटमध्ये अकरा. आणि क्रिकेटमधला बारावा? "बाई, तो पाणी घेऊन येतो!" आमचा चौथीचा वर्ग एका सुरात ओरडतो. बरोबर आहे. पण आज मी तुम्हाला अशा एका गावाला नेणार आहे, जिथला बारावा गडी पाणी आणत नाही. तो प्रेक्षकांत उभा असतो. सामना संपेपर्यंत, चांगले तीन-साडेतीन तास, उभाच! आणि तो एकटा नसतो बरं का, हजारोंनी असतो.

गावाचं नाव कॉलेज स्टेशन. हसू नका, खरंच असं नाव आहे. अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात १८७६ साली एक शेतकी आणि यंत्रविद्येचं कॉलेज सुरू झालं. जवळच आगगाडी थांबायची. कॉलेजचं स्टेशन म्हणता म्हणता गावाचंच नाव कॉलेज स्टेशन पडलं. त्या कॉलेजचं आता प्रचंड मोठं विद्यापीठ झालंय, टेक्सस ए अँड एम. आपल्याकडे राहुरीला, दापोलीला कृषी विद्यापीठं आहेत ना, तशीच याची सुरुवात. म्हणून तिथल्या मुलामुलींना अजूनही 'अ‍ॅगी' म्हणतात. म्हणजे आपल्या भाषेत 'शेतकीवाले'! कुणी चिडवायला म्हणालं तरी त्यांना त्याचा अभिमानच वाटतो.

आता समजा, तुम्ही तिथे पहिल्या वर्षाला आहात. शनिवारी घरच्या मैदानावर फुटबॉलचा सामना आहे. घरचं मैदान म्हणजे काइल फील्ड. एक लाखाहून जास्त माणसं बसतील एवढं मोठं! तुमच्या तालुक्याच्या गावातली सगळी माणसं उचलून तिथे ठेवली, तरी बहुतेक जागा उरेल. आणि या मैदानाची गंमत ऐका. एडविन काइल नावाचे बागायती शिकवणारे एक प्राध्यापक होते. शेतीच्या प्रयोगांसाठी त्यांना थोडी जमीन मिळाली होती. १९०४ साली त्यांनी तिथे कुंपण घातलं आणि म्हणाले, खेळा पोरांनो इथे! जिथे भाजीपाला पिकायचा, तिथे फुटबॉल पिकला.

हा फुटबॉल म्हणजे कोल्हापूरच्या पेठांतला फुटबॉल नव्हे हं. चेंडू लांबट असतो आणि बराच वेळ हातातच असतो. मग फुटबॉल कशाला म्हणायचं, हा प्रश्न मलाही पडतो, पण ते त्यांचं ते पाहतील. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले की आणखी चार प्रयत्न मिळतात. असं करत करत पलीकडच्या टोकाला चेंडू नेला की सहा गुण. समोरचे अकरा जण त्यांना अंगावर झेपावून पाडतात. कबड्डीतली पकड आठवा, फक्त डोक्यावर शिरस्त्राण आणि खांद्यावर जाड गाद्या.

शुक्रवारची रात्र झाली. तुम्ही झोपायच्या तयारीत? छे! रात्री बारा वाजता सगळी मुलं मैदानावर जमतात. कशाला? तर ओरडायची तालीम करायला! हो, तालीम. आपण गॅदरिंगच्या नाचाची करतो तशी. पाच जणांना मुलांनी मतं देऊन निवडलेलं असतं, ते 'येल लीडर'. ते पुढे उभे राहतात आणि हातांनी खुणा करतात. या खुणेला ही आरोळी, त्या खुणेला ती. खूण पुढच्या रांगेकडून मागच्या रांगेकडे जाते, आणि मग सगळे गुडघ्यांवर हात टेकून, पुढे वाकून एकदम ओरडतात. वाकल्यावर आवाज मोठा निघतो म्हणे. (घरी करून बघा. पण शेजारचे आजोबा दुपारचे झोपलेले असताना नको.) मध्येमध्ये हे लीडर उद्या समोरच्या संघाची कशी फजिती होणार, याच्या लांबलचक थापाही मारतात.

आता तुम्ही विचाराल, ओरडून होतं काय? बाहेर बसून ओरडणाऱ्यामुळे काय गुण मिळतात?

मिळत नाहीत. पण समोरच्याचे जातात! चेंडू ज्या संघाकडे असतो, त्यांचा एक म्होरक्या असतो, क्वार्टरबॅक. तो ठरलेले शब्द मोठ्याने उच्चारतो, आणि अमुक एका शब्दाला डाव सुरू होतो. त्याआधी पुढच्या रांगेतला एखादा नुसता दचकून हलला तरी पाच यार्डांचा दंड. आता कानाशी लाखभर माणसं कल्लोळ करत असली, तर दहा फुटांवरच्या गड्याला तो शब्द ऐकू येईल का? मग कुणी लवकर हलतो, कुणी उशिरा. २०२४ च्या हंगामापासून मैदानातल्या एका खेळाडूच्या शिरस्त्राणात प्रशिक्षकाचं बोलणं ऐकू येणारा छोटा रेडिओ ठेवायची परवानगी मिळाली आहे. पण तो एकाच्याच कानात! बाकीच्या दहांना अजून ओरडूनच सांगावं लागतं, नाहीतर हातवारे करून.

आणि यातला सगळ्यात कठीण भाग सांगू? चेंडू आपल्या संघाकडे आला की गप्प बसायचं. आपल्याच गड्यांना आपल्या म्होरक्याचा शब्द ऐकू यायला हवा ना! म्हणजे जेव्हा सगळ्यात जास्त ओरडावंसं वाटतं, तेव्हाच तोंड मिटायचं. आमच्या शाळेच्या मुलांना तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेत हे एकदाही जमलेलं नाही. आपला चढाईवाला आत गेला की बाहेरून पन्नास जण त्याला पन्नास सल्ले देतात. तुमच्याकडेही असंच असेल, खरं ना? शिवाय त्या मैदानात समोरच्या संघाची हुर्यो उडवायची नाही, अशी जुनी रीत आहे. आता लाखात एखादा सुटतोच म्हणा, पण रीत आहे.

मग उभं कशाला राहायचं? त्याची गोष्ट १९२२ सालची.

त्या वर्षी २ जानेवारीला डॅलस शहरात या शेतकीवाल्यांचा सामना होता सेंटर कॉलेजशी. सेंटर कॉलेज म्हणजे त्या वेळचा दादा संघ. थोड्याच महिन्यांपूर्वी त्यांनी नामवंत हार्वर्डला हरवलेलं. सामना सुरू झाला आणि शेतकीवाल्यांचा एकेक गडी जायबंदी होऊन बाहेर येऊ लागला. राखीव गडी संपत आले. प्रशिक्षक होते डाना बायबल. त्यांना आठवलं, की किंग गिल नावाचा आपला एक विद्यार्थी वर बसलाय. गिल आधी फुटबॉलच्या संघात होता, पण बास्केटबॉलसाठी त्याने तो सोडला होता. त्या दिवशी तो वार्ताहरांना कोणता खेळाडू कोण, हे सांगायला बसला होता. बायबलसरांनी त्याला हाक मारली. गिल खाली आला, एका जायबंदी खेळाडूचे कपडे त्याने अंगावर चढवले आणि मैदानाच्या कडेला येऊन उभा राहिला.

पुढे काय झालं? गिल मैदानात गेला, चेंडू घेऊन पळाला आणि शेवटच्या मिनिटाला सामना जिंकून दिला?

नाही! त्याला आत बोलवायची वेळच आली नाही. आहेत त्या गड्यांनीच २२-१४ असा सामना जिंकला. गिल शेवटपर्यंत नुसता उभा होता. मला ही गोष्ट आवडते ती यासाठीच. सिनेमात असती तर गिलला शेवटी आत पाठवलाच असता. इथे तो कडेलाच राहिला, तरी स्टेडियमबाहेर पुतळा उभा आहे तो त्याचाच. आणि तेव्हापासून तिथली मुलं सामनाभर उभी राहतात. अर्थ एवढाच, की हाक मारा, आम्ही तयार आहोत. १९८३ साली तर एका प्रशिक्षकांनी खरोखरच हाक मारली. घरच्या सामन्यात पहिली लाथ मारून चेंडू पलीकडे पाठवतात ना, त्यामागे धावायची तुकडी त्यांनी साध्या विद्यार्थ्यांतून उभी केली. आता विद्यार्थ्यांतून आलेला एक जण १२ आकड्याचा शर्ट घालून खेळतो.

त्या मैदानाशी आणखी एक जण जोडलेली आहे, रेव्हेली. ही आहे कुत्री, कोली जातीची! पहिली रेव्हेली १९३१ साली आली, ती साधी गावठी होती. विद्यापीठात लष्करी शिक्षण घेणाऱ्या मुलांची मोठी पलटण आहे, आणि तिच्यात सर्वांत वरचा हुद्दा या कुत्रीचा. पूर्वीच्या रेव्हेलींना मैदानाच्या उत्तर टोकाला, गुणफलक दिसेल अशा बेताने पुरलं आहे. पुढे स्टेडियम वाढवलं आणि फलक दिसेनासा झाला. मग काय केलं असेल? त्यांच्यासाठी बाहेर वेगळा छोटा गुणफलक लावला!

आता एक गोष्ट सांगायची आहे ती हसण्यासारखी नाही.

या शेतकीवाल्यांचा जुना प्रतिस्पर्धी म्हणजे ऑस्टिनचं टेक्सस विद्यापीठ. त्या सामन्याआधी मुलं स्वतः झाडं तोडून, ओंडके रचून भली मोठी होळी पेटवायची. दर वर्षी. १९९९ साली सुमारे साठ फुटांचा ढीग रचला जात होता, पाच हजारांहून जास्त ओंडक्यांचा. १८ नोव्हेंबरला पहाटे पावणेतीनच्या सुमारास मुलं वर काम करत असताना तो कोसळला. बारा जण गेले, सत्तावीस जखमी झाले. फुटबॉलच्या संघातली मुलं सराव सोडून ओंडके उचलायला धावली.

आठ दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, सामना होता. घरच्याच मैदानावर. तो खेळला गेला. मध्यंतरात टेक्सस विद्यापीठाच्या बँडने शोकधून वाजवली आणि आपल्या टोप्या काढल्या. प्रतिस्पर्ध्यांनी! शेतकीवाले २०-१६ असे जिंकले. पण त्या दिवशी तिथे उभं राहिलेल्यांना तो आकडा किती आठवत असेल, मला सांगता येणार नाही.

पुढे चौकशी झाली. ढिगाची रचना कुणा इंजिनिअरने आखलेली नव्हती, ओंडके बांधून ठेवणारी तार पुरेशी नव्हती, आणि वर्षानुवर्षं मोठ्यांचं नीट लक्षच नव्हतं, असं त्यात निघालं. पालकहो, हे वाक्य मी तुमच्या-माझ्यासाठी लिहिते आहे. पोरं उत्साहानं वर चढत असतात, तेव्हा खाली उभं राहून 'हे किती वजन पेलेल?' असं विचारणारं कुणीतरी लागतं. परंपरा जुनी आहे, एवढ्यावर आपण फार लवकर समाधान मानतो. २००२ साली विद्यापीठाने ही होळी बंदच केली. काही मुलं विद्यापीठाबाहेर ती अजून पेटवतात, ते मला पटत नाही. जिथे ढीग कोसळला, तिथे २००४ पासून स्मारक आहे. गोलाकार रचनेत बारा दारं, आणि प्रत्येक दाराचं तोंड त्या त्या मुलाच्या गावाकडे.

ऑस्टिनशी होणारा तो सामना २०११ नंतर बंद पडला होता, कारण दोन्ही विद्यापीठं वेगवेगळ्या स्पर्धा खेळू लागली. २०२४ साली ३० नोव्हेंबरला तो काइल फील्डवर पुन्हा झाला. तेरा वर्षं वाट पाहिली, रात्री बारा वाजता घसा ताणून तालीम केली, आणि घरच्या मैदानावर १७-७ ने हरले! २०२५ ला ऑस्टिनला गेले, तिथेही हरले. आता एकदा इथे, एकदा तिथे अशी पाळी आहे. कॉलेज स्टेशनची पाळी येईल तेव्हा ती मुलं पुन्हा उभी असतील. खेळाडूंना आता, २०२५ पासून, विद्यापीठं थेट पैसेही देऊ शकतात. उभं राहणाऱ्याला काय मिळतं? पाय दुखतात आणि घसा बसतो. बस्स.

हरल्यावर तिथे काय करतात माहीत आहे? घरच्या मैदानावर सामना हरला तर मुलं लगेच बाहेर पडत नाहीत. तिथेच थांबून पुढच्या सामन्याची ओरडायची तालीम करतात. आणि 'हरलात ना?' असं विचारलं तर सांगतात, "हरलो कुठे? वेळ संपला!"

हे उत्तर गणिताच्या पेपरनंतर घरी देऊ नका.

तुमच्या शाळेचा संघ खेळतो तेव्हा तुम्ही कोणत्या आरोळ्या देता? मला पत्रानं कळवा. चांगल्या आरोळ्या आपण या पानावर छापू. समोरच्याला नावं ठेवणाऱ्या मात्र बाजूला काढल्या जातील, आधीच सांगते.

तुमची,
बाई