बरा झालेला कामगार बेकार का?

क्षयरोग झालेल्या कामगाराला सरकार औषधे फुकट देते. निक्षय पोषण योजनेखाली उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला ५०० रुपये मिळत होते, ते १ नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाले. ही मदत योग्यच आहे. पण औषधांचे सहा महिने पूर्ण झाले आणि डॉक्टरांनी कामावर जाण्यास योग्य असा दाखला दिला, की पुढे त्या कामगाराचे काय होते हे पाहण्याची जबाबदारी कुणाचीच नाही. दाखला घेऊन तो हजेरी चौकीवर जातो तेव्हा मुकादम सांगतो, तुझ्या जागी दुसरा घेतला. रोग गेला आणि त्याच्याबरोबर रोजगारही गेला!

शहरांत झाडू मारणारे, कचरा उचलणारे, गटारे उपसणारे लोक कोण आहेत, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. बौद्ध, मातंग, वाल्मीकी, मेहतर समाजांची माणसे पिढ्यान्‌पिढ्या या कामात ढकलली गेली. धूळ, घाण आणि विषारी वायू यांत राबून त्यांना आजार जडतात. म्हणजे ज्या कामाने माणूस आजारी पाडला, तेच काम आजाराचे निमित्त करून त्याला बाहेर काढते. त्यातून तो कंत्राटी असेल तर काढल्याचा कागदही मिळत नाही. हजेरीपटावरून नाव गळते, एवढेच.

कायद्यात काहीच नाही असे नाही. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २०(४) प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढता येत नाही वा त्याचा हुद्दा खाली आणता येत नाही. पहिले काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीचे दुसरे काम द्यावे लागते. तेही नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. महापालिका व नगरपालिका या कायद्याच्या व्याख्येत येतात. १९९५ च्या जुन्या कायद्यातही कलम ४७ म्हणून हीच तरतूद होती. त्याच आधारे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली कुणाल सिंग प्रकरणात पाय गमावलेल्या शिपायाला न्याय दिला आणि निवृत्तिवेतन देऊ केले म्हणून हे संरक्षण संपत नाही, असे बजावले. ऑगस्ट २०२५ मध्ये याच न्यायालयाने रंगांधळेपणामुळे सेवेतून काढलेल्या तेलंगणातील एस. टी. चालकाला पर्यायी काम देण्याचा आदेश दिला. दुसरे काम शोधणे ही मालकाची जबाबदारी आहे, कामगाराची नव्हे, हा त्याचा अर्थ.

पण प्रत्यक्षात काय चालते? कायम सफाई कामगार आजाराने खचला की त्याला वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरवून घरी पाठवायचे आणि वारसाच्या हाती झाडू द्यायचा, हीच वाट त्याला आधी दाखविली जाते. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसाला मिळणारी नोकरी अनेक कुटुंबांचा आधार आहे. २४ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने तिच्या तरतुदी एकत्र केल्या. या हक्काला आमचा विरोध नाही. परंतु तो कामगाराने आपल्या मर्जीने वापरावा. पन्नाशीच्या आतला माणूस उपचारानंतर उभा राहिला असेल, तर त्याला कार्यालयात, गोदामात, चौकीवर काम का देत नाहीत? साहेबाला हृदयविकार झाला तर त्याची खुर्ची राखून ठेवली जाते. झाडूवाल्याला झाला तर त्याच्या पोराची शाळा सुटते. हा फरक आजाराचा नाही, जातीचा आहे.

कायद्यातही दोन मोठी भगदाडे आहेत. कलम २०(४) चे संरक्षण अपंगत्वाला आहे, आजाराला नाही. क्षय, कर्करोग वा मूत्रपिंडाचा विकार यांतून उठलेला माणूस प्रमाणपत्राच्या चौकटीत बसेलच असे नाही. दुसरे असे, की सरकारी कार्यालयाची ही बंधने कंत्राटदार आपल्यावर आहेत असे मानतच नाही.

ही भगदाडे बुजविण्याचा नमुना देशात आहे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने एच.आय.व्ही. बाधित कामगाराच्या प्रकरणात निवाडा दिला. तो कामगार कायम नव्हता, हंगामी होता. काम करण्यास जो समर्थ आहे आणि ज्याच्यापासून इतरांना धोका नाही, त्याला केवळ बाधा आहे म्हणून कामापासून दूर ठेवता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. पुढे २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स कायदा आला, १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. या कायद्याने असे बंधन घातले, की बाधिताला काढायचेच असेल तर स्वतंत्र व पात्र वैद्यकीय तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय द्या, आणि त्याच्यासाठी कामात सोय करणे का अशक्य आहे हेही लेखी द्या. एका आजाराला जे संरक्षण मिळाले, ते क्षयाला आणि कर्करोगाला का नको? क्षयाच्या बहुतेक रुग्णांपासून योग्य औषधे सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच संसर्गाचा धोका राहत नाही. तेव्हा चौकीवर त्याचा पेला वेगळा ठेवणे हे आरोग्याचे शास्त्र नाही, जुनीच अस्पृश्यता आहे.

बाबासाहेबांनी मुंबईच्या सफाई कामगारांसाठी म्युनिसिपल कामगार संघ उभा केला. १९४२ ते १९४६ या काळात ते मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याची आखणी झाली, त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा आला. आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला त्या काळात काढण्यास त्या मूळ कायद्याने मनाई केली होती. आता तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. संहिता बदलली म्हणून हे तत्त्व मागे पडता कामा नये, उलट ते आजार संपल्यानंतरच्या काळालाही लागू झाले पाहिजे.

विनयपिटकाच्या महावग्गात आजारी भिक्खूची कथा आहे. तो आपल्याच घाणीत पडला होता आणि सोबतचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. कारण विचारताच भगवान बुद्धांना उत्तर मिळाले, की तो आमच्या काही उपयोगाचा नाही. बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः धुतले, बिछान्यावर ठेवले आणि संघाला परस्परांच्या सेवेचा नियम घालून दिला. उपयोगावरून माणसाची किंमत करू नये, हा तो धम्म आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक महापालिकेने सफाईच्या निविदेतच अट घालावी, की उपचार घेणाऱ्या कामगाराची जागा राखली जाईल. परतल्यावर पहिले काही महिने पूर्ण वेतनावर हलके काम आणि तपासणीसाठी भरपगारी सुटी मिळावी. नाकारायचे असेल तर कारण लेखी द्यावे. आजाराचे नाव चौकीवर जाहीर करू नये. कंत्राटदार ऐकत नसेल तर महापालिकेने उत्तर द्यावे, कारण झाडला जाणारा रस्ता तिचा आहे.

कामगार बंधुभगिनींनीही सावध राहावे. रजेचा अर्ज तोंडी नको. लेखी द्या, पोच घ्या. केसपेपर आणि योग्यतेचा दाखला यांच्या प्रती जपून ठेवा. परतताना कामावर हजर झाल्याचा अर्ज त्याच दिवशी द्या, आणि मुकादमाने घेतला नाही तर पोस्टाने पाठवा. कोर्टात कामगाराचा खरेपणा कागदावरच टिकतो. आणि वस्तीतील विहारांनी, कामगार संघटनांनी आजारी माणसाच्या घरी फळे घेऊन जाणे पुरेसे मानू नये. तो बरा होऊन चौकीवर जाईल त्या दिवशी त्याच्यासोबत दोन माणसे जावीत. मुकादमाला एकटा माणूस परत पाठवता येतो, तीन माणसे पाठवता येत नाहीत.