गांधार कुठे लावायचा, हे कोण ठरवणार?

पेटीच्या आधाराने गायला शिकलेल्या मुलांचा शुद्ध गांधार बहुतेक वेळा चढा लागतो. मिरजेत पेटी आणि गायन शिकवताना हे मी रोज ऐकते. बाजारातल्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्यामुळे गांधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो (सेंट हे स्वरांतर मोजण्याचं सूक्ष्म माप). नीट जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून जो गांधार आपोआप उमटतो, तो असतो साधारण ३८६ सेंटवर. धैवताची तीच गत, ९०० आणि ८८४. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, त्यामागच्या आक्षेपांत हाही एक होता. ती बंदी अंशतः उठायला १९७१ उजाडलं.

आता पेटीची जागा हळूहळू संगणक घेतो आहे. मुलं घरी लॅपटॉपला छोटा कीबोर्ड जोडून रियाज करतात, चाली बांधतात, स्वतःचं गाणं स्वतः रेकॉर्ड करतात. याचा मला आनंद आहे. पण तिथली तयार वाद्यंही त्याच बारा सारख्या भागांत जुळवून येतात, आणि ती जुळणी बदलता येते हे मुलांना कोणी सांगतच नाही.

माझ्या क्लासातल्या संगणकावर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली आहे आणि त्यात झिनअ‍ॅडसबएफएक्स नावाचं मुक्त वाद्य आहे. रोमानियातल्या नास्का ऑक्टेव्हियन पॉल यांनी ते लिहायला सुरुवात केली आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. त्यात स्वरांची एक चौकट उघडते. तिथे गांधारासमोर ५/४ लिहायचं, पंचमासमोर ३/२, धैवतासमोर ५/३. सा कुठल्या पट्टीचा धरायचा तेही ठरवता येतं. मुलं आकडे बदलतात, तंबोऱ्याशी ताडून ऐकतात, पुन्हा बदलतात. ज्या मुलीला शुद्ध गांधार तोंडी समजावून माझा घसा बसला असता, तिने तो या चौकटीत स्वतः शोधला, आणि तेव्हापासून ती पेटीवरही कान टवकारून बसते. श्रुतींवर आपल्याकडे ग्रंथच्या ग्रंथ झाले. त्या श्रुती हातांनी लावून पाहण्याची इतकी सोपी सोय कोणत्याही संगीतवर्गाने सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

रेकॉर्डिंगसाठी आम्ही आर्डर वापरतो. पॉल डेव्हिस यांनी १९९९च्या अखेरीस त्याचं काम सुरू केलं, ते आजही चालू आहे. त्याचा सोर्स कोड खुला आहे, आणि लिनक्सच्या बहुतेक वितरणांत ते विनामूल्य मिळतं. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: प्रत्येक आवाज साध्या वेव्ह फाइलमध्ये राहतो आणि गाण्याची मांडणी वाचता येईल अशा मजकुरात. उद्या आर्डर नसलं तरी गायलेलं गाणं हाती राहील. याउलट, परवाना संपला म्हणून स्वतःच्याच अभंगाची फाइल उघडता न आलेला एक गुणी विद्यार्थी मी पाहिला आहे.

क्रॅकचं काय? छोट्या स्टुडिओंत महागड्या सॉफ्टवेअरची चोरलेली प्रत सर्रास चालते, आणि मुलांना तीच पेनड्राइव्हवर मिळते. उस्तादांचं नाव घेताना कानाची पाळी धरायला आपण ज्या मुलांना शिकवतो, त्यांच्या हाती दुसऱ्याच्या मेहनतीची चोरी द्यायची, हे मला अजिबात मान्य नाही.

लिनक्सवर आवाज उशिरा येतो, ही तक्रार एके काळी खरी होती. आवाज हाताळणाऱ्या जॅक आणि पल्सऑडिओ या दोन प्रणालींचा मेळ घालण्यातच संध्याकाळ जायची. आता पाइपवायर हे दोन्हींचं काम एकत्र करतं, आणि फेडोराने २०२१ मध्ये आवाजासाठी तेच मूळ व्यवस्था म्हणून स्वीकारलं. वेळ काटेकोर पाळणारी रिअल-टाइम सोय २०२४ मध्ये लिनक्सच्या मुख्य गाभ्यात आली. ४८,००० हर्ट्झवर १२८ नमुन्यांचा बफर ठेवला, तर जाण्यायेण्याचे मिळून साडेपाच मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, यंत्राचे थोडे वर. तेवढ्या वेळात हवेतून आवाज दोन मीटरही जात नाही. बैठकीत तबलजी गायकापासून साधारण तेवढाच लांब बसतो. आमच्या तबल्याच्या मुलांना हेडफोनमध्ये काही खटकत नाही.

अडचणी आहेतच. काही महागडी तयार वाद्यं लिनक्सवर चालत नाहीत. मुंबईत मालिका-चित्रपटांत काम करायचं तर तिथली सॉफ्टवेअर शिकावी लागतील, आणि ती जरूर शिकावीत. पण मल्टिट्रॅक, कंप्रेसर, इक्वलायझर यांची समज एकदा आली की ती कुठेही कामी येते. शिवाय विंडोज १०चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. शाळांतले जे संगणक त्यामुळे अडगळीत निघालेत, त्यांपैकी बरेच लिनक्सवर गाणं रेकॉर्ड करायला पुरेसे आहेत.

म्हणून संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थांना आणि शिक्षण खात्याला माझी विनंती आहे की प्रात्यक्षिकात मुक्त सॉफ्टवेअरवर स्वतःचं गायन-वादन ध्वनिमुद्रित करण्याचा एक भाग ठेवा. सुरुवात मिरजेतूनही होऊ शकते. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण संगणकावर वाजवायला मिरजेचा तंबोरा हवा असेल तर तो आणायचा कुठून? विद्यार्थ्यांनी सतारमेकर गल्लीत जावं, कारागिरांच्या संमतीने एकेक तार वेगवेगळ्या जुळणीत शांतपणे मुद्रित करावी, जवारी कोणी काढली त्यांचं नाव सोबत लिहावं, आणि ते सारे आवाज क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले करावेत. लागणारं सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. दोन चांगले माइक आणि एक यूएसबी इंटरफेस, एवढी सोय तरी संस्थांनी करावी.