गंगावनाचा भार

लग्नसराई सरली की आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक ठरावीक तक्रार येऊ लागते. कानशिलांवरचे केस गेले, भांग रुंद झाला. डोक्यावरची ओढणी न काढताच मुली सांगतात. खोदून विचारले की कळते, पातळ केस फोटोत बरे दिसावेत म्हणून पार्लरमध्ये एक्स्टेन्शन लावले होते आणि पैसे वसूल व्हावेत म्हणून पुढे दोन-तीन महिने तसेच ठेवले.

यात लाजण्यासारखे काही नाही. आपल्या आज्याही गंगावन लावूनच अंबाडा घालीत. पण गंगावन रात्री निघून खुंटीवर जाई. आजचे चिकटवलेले किंवा शिवलेले केस २४ तास मुळांना ओढत राहतात. या ओढीने होणाऱ्या केसगळतीला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. आधी दुखते, मुळाशी बारीक पुटकुळ्या येतात. तेव्हाच ओढ थांबली तर केस बहुधा परत येतात. वर्षानुवर्षे चालू राहिली तर मूळच मरते आणि मग कोणतेही तेल, कितीही महाग असो, उपयोगी पडत नाही.

केस मुळात बारीक असतील तर क्लिपचे, वजनाला हलके एक्स्टेन्शन घ्यावे आणि कार्यक्रम संपताच काढावे. कपाळाच्या कडेचे नाजूक केस त्यात गुंतवू नयेत. डोके ठणकत असेल तर ‘दोन दिवसांत सवय होईल’ हे पार्लरमधले आश्वासन ऐकू नये.

माझा खरा आक्षेप निराळा आहे. केस विरळ का झाले हे कोणी विचारायच्या आधीच ते झाकले जातात. डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी झडलेले केस बहुतेकदा आपोआप भरून येतात. तिथे घाई कशाला? थायरॉइडचा विकार किंवा लोहाची कमतरता असेल तर मात्र उपचार हवेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता.

परवा आलेल्या मुलीने एक्स्टेन्शनवर आठ हजार घातले होते. तिचे हिमोग्लोबिन साडेसात निघाले. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, केस मोकळे सोडायला सांगितले आणि तिच्या पार्लरवाल्या ताईंना निरोप धाडला: पातळ केसांची मुलगी आली तर आधी रक्त तपासायला आमच्याकडे पाठवा.