सात डिसेंबरची सकाळ

सहा डिसेंबरला दादरला कोण कशासाठी जाते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. सात डिसेंबरच्या सकाळविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. आमच्या माजी विद्यार्थ्यांचा एक गट गेली काही वर्षे त्या सकाळी शिवाजी पार्कवर कचरा वेचण्यासाठी थांबतो. अलीकडे वसतिगृहातील नववी-दहावीची मुलेही त्यांच्यासोबत असतात. या उपक्रमाचे कौतुक अनेकांनी केले आहे. आम्हांला येथे लिहायचे आहे ते त्यावर घेतल्या गेलेल्या एका आक्षेपाविषयी.

पालकसभेत मागच्या रांगेतील एक गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, माझ्या बापाच्या हातातला झाडू बाबासाहेबांनी टाकायला लावला. तुम्ही तो त्याच्या नातवाच्या हातात परत देता होय?"

सभेत कोणी काही बोलले नाही. आम्हीही त्या क्षणी उत्तर दिले नाही. कारण त्या प्रश्नामागे एक संपूर्ण इतिहास उभा होता. गावची चावडी झाडणे, मेलेली गुरे ओढणे, सरकारी टपाल घेऊन धावणे ही कामे आपल्या वाडवडिलांनी स्वेच्छेने पत्करली नव्हती. जन्माबरोबर ती त्यांच्या गळ्यात पडली होती. बाबासाहेबांनी 1927 साली महाडला मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. तरी हे वतन कायद्याने रद्द होण्यास 1958 साल उजाडावे लागले. ज्या हातांतून झाडू इतक्या प्रयासाने सुटला, त्या हातांनी तो पुन्हा धरताना थरथरणे स्वाभाविक आहे. हा आक्षेप अज्ञानातून आलेला नाही. त्याचा मान राखूनच त्याला उत्तर दिले पाहिजे.

त्यासाठी त्या सकाळचे मैदान डोळ्यांपुढे आणावे लागेल. सुमारे 28 एकरांच्या त्या मैदानावर विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून आलेली माणसे रात्री काढतात. पुस्तकांची दुकाने आवरलेली असतात, गाड्या धरण्यासाठी लोक स्थानकाकडे निघालेले असतात. मागे उरतात पाण्याच्या पिशव्या, खिचडी चिकटलेल्या द्रोण-पत्रावळ्या, केळ्यांच्या साली, बिस्किटांची वेष्टने, पक्ष-संघटनांची पत्रके, अंथरलेले प्लास्टिक आणि झेंडूच्या पाकळ्या. उजाडण्यापूर्वीच तेथे महापालिकेचे सफाई कामगार पोहोचलेले असतात. मुलांपैकी एकाने त्यांच्यातील एका मावशींना सहज गाव विचारले. त्या म्हणाल्या, "तुमच्यातलीच आहे रे बाळा. काल मलाही दर्शनाला जायचं होतं, पण ड्युटी होती."

आम्हांला वाटते, त्या पालकांच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. झाडू आपल्या घरातून गेला, पण तो नाहीसा झाला नाही. तो आपल्याच एखाद्या बहिणीच्या किंवा आपल्यासारख्याच दुसऱ्या वस्तीतील भावाच्या हाती राहिला. आपण शिकलो, साहेब झालो आणि खाल्लेली पत्रावळ मैदानावर टाकून निघून आलो, तर ती कोणीतरी उचलावी अशी व्यवस्था आपणही गृहीत धरली, असा त्याचा अर्थ होतो. ज्या व्यवस्थेने आपल्याला वाकवले, तिचे आपण नकळत लाभार्थी होतो.

धम्माने श्रमाला कधी हीन मानले नाही. सुनीत हा कोमेजलेली फुले उचलणारा. तथागतांनी त्याला संघात घेतले आणि तो थेर झाला. त्याच संघात विहार झाडणे, पाणी भरून ठेवणे ही कर्तव्ये सर्व भिक्खूंना सारखीच होती. क्षत्रियकुळातून आलेल्यालाही त्यांतून सूट नव्हती. अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला खुद्द भगवंतांनी आनंदाच्या साहाय्याने धुतले, हे विनयपिटकात नोंदलेले आहे. काम एका जातीकडून काढून सर्वांत वाटले की त्यातील अपमान गळून पडतो. एकाच जातीकडे ठेवून त्याला सेवेचे नाव दिले, तर अपमान तसाच राहतो.

म्हणून या उपक्रमाला आम्ही काही मर्यादा घातल्या आहेत. शिक्षा म्हणून कोणत्याही विद्यार्थ्याला तेथे पाठवले जात नाही. हातमोजे असल्याशिवाय कोणी कचऱ्याला हात लावत नाही. ओला आणि सुका कचरा जागेवरच वेगळा केला जातो. सफाई कामगारांचे काम हिरावणे हा आमचा हेतू नाही. त्यांच्या कायम नोकरीच्या आणि योग्य वेतनाच्या मागणीला आमचा पाठिंबा आहे. वाकलेल्या मुलांची छायाचित्रे काढून ती मिरवण्यास मनाई आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. 'तुमचे लोक घाण करतात' असे म्हणणारे दरवर्षी भेटतात. त्यांच्या समाधानासाठी आम्ही हे करीत नाही. लाखोंच्या कोणत्याही मेळाव्यानंतर कचरा उरतोच. बोट मात्र सर्वांकडे सारखे दाखवले जात नाही, हे आम्ही जाणतो. आम्हांला उत्तर द्यायचे आहे ते त्या मावशींना.

7 डिसेंबर 1956 रोजी त्याच परिसरात, दादरच्या चौपाटीवर, बाबासाहेबांना अखेरचा निरोप देण्यात आला आणि तेथेच असंख्यांनी धम्मदीक्षा घेतली. त्या तारखेची सकाळ आपण कोणाच्या तरी पाठीवर कचरा टाकून सुरू करावी, हे शोभत नाही. अन्नदान करणाऱ्या मंडळांनी वाटपाच्या जागेशेजारी पिंप ठेवावे आणि ते भरल्यावर रिकामे करण्यास आपली माणसे नेमावीत. आपण प्रत्येकाने घरून ताट आणि पाण्याची बाटली न्यावी. वेचावाच लागू नये इतका कचरा कमी होणे, हेच या उपक्रमाचे खरे यश ठरेल.

त्या पालकांनी अखेर मुलाला पाठवले, पण एक अट घालून: "पोरगा येईल, मात्र तुमचे विश्वस्तही त्याच्या शेजारी वाकलेले दिसले पाहिजेत." ती अट आम्ही नियमावलीत सर्वांत वर लिहिली आहे. यंदाच्या गाडीत विश्वस्तांच्या जागा राखून ठेवल्या आहेत. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी आपल्या जागा वेळेत कळवाव्यात.